गिटार, यूट्यूब आणि "माह्या हातात सूरच नाही"

मूर्तिजापूरच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली, आजचा अख्खा भाग तिच्यावरच आहे. (बोलताना शंभर वेळा येणारं "म्हणजे कसं" लिहिताना काढलंय, बाकी जवळपास तसंच आहे.) पोट्टा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणतो, "दादा, गिटार घेऊन सहा महिने झाले. रोज यूट्यूबवर पाहून राह्यलो. दहा-बारा गाण्यांची सुरुवात येते, पण एकबी गाणं पूर्ण येत नाही. माह्या हातात सूरच नाही वाटते. विकून टाकू का?"

विकू नको रे बावा. गाणं पूर्ण येत नाही, हे खरं असेल. पण हातात सूर नाही हे कशावरून ठरवलं? सहा महिने तू मुख्यतः पाहिलंस, आणि काय पाहायचं ते ॲपने ठरवलं. मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो आणि संध्याकाळी गिटार वाजवतो. पहिल्याचा पगार मिळतो, दुसऱ्याचे शेजाऱ्यांचे टोमणे. त्यामुळे या भानगडीच्या दोन्ही बाजू रोज पाहायला मिळतात.

यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींचं गणित बदललं. किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा किती वेळ पाहिलं, याला जास्त वजन दिलं. पुढे त्यात लाइक आले, प्रेक्षकांना विचारलेले प्रश्न आले, बरंच काही आलं. पण तुझं बोट तारेवर नीट पडलं की नाही, हे त्या गणिताला कळायला मार्ग नाही. आता विचार कर. दहा मिनिटांचा धडा आहे. दुसऱ्या मिनिटाला शिकवणारा म्हणतो, जी कॉर्डवरून सी कॉर्डवर जा. शहाणा विद्यार्थी तिथेच व्हिडिओ थांबवतो, मोबाइल पालथा ठेवतो आणि वीस मिनिटं जी-सी, जी-सी करत बसतो. ॲपच्या वहीत काय नोंद होते? दोन मिनिटं पाहिलं आणि माणूस उठून गेला. दुसरा पोट्टा गिटार मांडीवर ठेवून पूर्ण दहा मिनिटं पाहतो, मग पुढचा व्हिडिओ, मग त्याच्या पुढचा. तो आवडता गिऱ्हाईक! यात कोणी बसून कट केलेला नाही. जे मोजता येतं तेच मोजलं जातं, आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे.

रील्समध्ये तर अजून मजा. तीस सेकंदांत काय मावतं? गाण्याची सुरुवातीची धून. कडव्यात त्याच चार कॉर्ड्स तीन मिनिटं चालतात आणि मनगट भरून येतं, त्या भागाची रील कोण करेल? म्हणून तुला दहा-बारा सुरुवाती येतात. जे समोर वाढलं ते तू बरोबर शिकलास. एका अर्थी तू चांगलाच विद्यार्थी आहेस.

लोकांनी लोकांना इंटरनेटवरून गिटार शिकवणं यूट्यूबच्या फार आधीचं आहे. १९९२ मध्ये ऑनलाइन गिटार आर्काइव्ह सुरू झालं. लोक गाणी ऐकून सहा तारांच्या सहा रेघा टाइप करायचे आणि त्यावर फ्रेटचे आकडे लिहायचे. संगीत प्रकाशकांच्या कायदेशीर नोटिशीनंतर २००६ मध्ये ते बंद पडलं. त्या आकड्यांना आवाज नव्हता, लयही नीट कळत नसे. मग मूळ गाणं पुन्हा पुन्हा ऐकून जुळवावं लागायचं. जुनं ते सोनं असं मी म्हणत नाही, त्या कागदांत चुका भरपूर असायच्या. पण त्या कटकटीत कान तयार व्हायचा. आजही कॉर्ड्सच्या साइटवर लोकच लिहितात, आणि मराठी गाण्यांच्या कॉर्ड्स तर एखाद्यानेच टाकलेल्या असतात. चूक सुधारायला दुसरा कोणी फिरकतच नाही. म्हणून कॉर्ड कानाला खटकली तर कानावर विश्वास ठेव, साइटवर नाही.

मग व्हिडिओ पाहायचेच नाहीत का? पाहायचे, पण आपल्या अटीवर. एकच गाणं निवड, तीन-चार कॉर्ड्सचं. जी, सी, डी, ई मायनर यात बसणारं असलं तर उत्तम. एफ कॉर्डचं सध्या नावच काढू नको. व्हिडिओ सेव्ह करून ठेव आणि थेट तोच उघड, होम पेजवरून जाऊ नको. वेग अर्धा कर. वेग कमी केला तरी सूर खाली उतरत नाही, कारण ॲप आवाजाचे काही मिलिसेकंदांचे बारीक तुकडे करून ते एकमेकांवर चढवत, लांबवत मांडतं. म्हणून गाणं थोडं पाण्याखालून आल्यासारखं वाटतं, पण स्वर तेच राहतात.

जस्टिन सँडरको नावाचा ऑस्ट्रेलियन शिक्षक २००३ पासून नेटवर शिकवतो. त्याचा एक साधा व्यायाम आहे. मोबाइलवर एक मिनिटाचा टायमर लाव आणि दोन कॉर्ड्समध्ये किती वेळा बदल होतो ते मोज. आकडा वहीत लिही, उद्या परत. माझ्या मते नेटवर गिटारसाठी जेवढं काही आहे त्यात हे सगळ्यात कामाचं. इथे घड्याळ बोटांना मोजतं, डोळ्यांना नाही.

आता ट्यूनर. वऱ्हाडात राहून याबद्दल सांगितलं नाही तर पाप लागेल. गिटारच्या सहा तारा जाडीकडून बारीककडे अंदाजे ८२, ११०, १४७, १९६, २४७ आणि ३३० हर्ट्झ अशा असतात. ट्यूनर ॲप माइकमधून आलेली लहर घेतं, तीच लहर थोडी सरकवून स्वतःशीच ताडून पाहतं आणि किती सरकवल्यावर ती परत जुळते यावरून आकडा काढतं. आता मे महिना, अकोल्यात पारा ४५ अंशांपर्यंत, खिडकीत कूलर गरगरून राह्यला. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटरच्या गुणगुणीत ५० आणि १०० हर्ट्झ ठासून भरलेले असतात. तुझी पाचवी तार ११० ची. शिवाय मोबाइलचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी केलेला, खालचे सूर त्याला पुरेसे ऐकूच येत नाहीत. सुई वेड्यासारखी नाचते आणि आपल्याला वाटतं गिटार खराब, नाहीतर आपण खराब. दोन मिनिटं कूलर बंद कर. किंवा डोक्याला चिमट्यासारखा बसणारा ट्यूनर घे, तो लाकडाची थरथर मोजतो, त्याला कूलरशी देणंघेणं नाही.

उन्हात तापलेली पोलादी तार सैलावते, सूर उतरतो. लाकूड दमट हवा पिऊन फुगलं की सूर चढतो. म्हणजे दुपारी कोरड्या खोलीत लावलेली गिटार रात्री कूलरच्या झोतात नेली की बेसूर होणारच. ती पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवू नको आणि कूलरच्या समोरही ठेवू नको.

आपल्या कॉर्ड ऐकून गुण देणारी ॲप्स आहेत, ती ठीक आहेत. आत काय चालतं? सगळा आवाज बारा स्वरांच्या बारा डब्यांत वाटतात आणि कोणते डबे भरले ते पाहतात. सी मेजर आणि ए मायनर यांचे तीनपैकी दोन स्वर एकच, त्यामुळे ॲप कधीकधी गडबडतं. लाल फुली दिसली म्हणून लगेच रडायचं नाही.

यापेक्षा मोठा घोळ ब्लूटूथचा. साध्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. मिनिटाला ९० ठोक्यांचं गाणं असेल तर एक ठोका ६६७ मिलिसेकंदांचा, अर्धा ३३३ चा. नुसतं ऐकत वाजवलंस तर काही बिघडत नाही, तू जे ऐकतोस त्याच्याशीच जुळवतोस. पण रेकॉर्ड करताना इअरफोनमध्ये गाणं लावलंस, मोबाइलच्या माइकवर गिटार घेतलीस आणि नंतर दोन्ही एकत्र केलंस, तर गिटार दोनशे मिलिसेकंद मागे, म्हणजे अर्ध्या ठोक्याच्या निम्म्याहून जास्त. ऐकून कोणीही म्हणेल, याला ताल नाही. ताल आहे, वायर नाही! पन्नास-शंभराचा वायरवाला इअरफोन घे.

रेकॉर्ड मात्र नक्की कर. दर रविवारी एक मिनिट, व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवर, एकाच माणसाला. स्टेटसला नाही, रीलही नाही. तिथे आपण वीस टेक घेऊन सगळ्यात चकचकीत तीस सेकंद निवडतो, आणि परत सुरुवातच वाजवली जाते. व्हॉइस नोट आवाज दाबून लहान करते, गिटारचा गोडवा थोडा जातो. पण ठोका कुठे चुकला ते स्वच्छ ऐकू येतं, आणि आपल्याला तेच पाहिजे.

ऑनलाइन क्लास लावणाऱ्यांसाठी एक. व्हिडिओ कॉल बोलणं ऐकायला बनवलेला आहे, लांबत जाणारा गिटारचा आवाज तो गोंगाट समजून पुसतो. झूममध्ये मूळ आवाज तसाच ठेवायची सोय आहे, ती दोघांनीही चालू करा. आणि गुरुजींसोबत एकाच वेळी वाजवायचा प्रयत्न सोडून द्या. सोबत वाजवायला आवाज साधारण तीस मिलिसेकंदांच्या आत पोचावा लागतो, कॉलवर तो त्याच्या कितीतरी पट उशिरा येतो. एकाने वाजवायचं, दुसऱ्याने ऐकायचं.

सोबत वाजवायचंच असेल तर सोबत बसावं लागतं. समोरचा तीन मीटरवर असेल तर आवाज नऊ मिलिसेकंदांत पोचतो, एवढं भारी नेटवर्क कुठली कंपनी देईल? आणि आपल्याकडे त्याची सोय गावोगावी आहे. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत १९०९ मध्ये जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजनं म्हणून गावंच्या गावं गाती केली. मोझरीपासून थेट खेड्यापर्यंत आजही भजनी मंडळं बसतात. तिथे चाल सोपी असते, तीच ओळ दहादा फिरते, आणि मुख्य म्हणजे तुझी कॉर्ड चुकली तर भजन थांबत नाही. व्हिडिओ थांबवता येतो म्हणून आपण अडखळलो की थांबतो, मग थांबायचीच सवय लागते. मंडळात पुढच्या ओळीला धावत जाऊन पकडावं लागतं. गाणं शेवटपर्यंत न्यायला शिकवणारं असं दुसरं साधन मला माहीत नाही. गिटार पाहून काका लोक पहिल्या दिवशी हसतील, हसू दे.

जाण्याआधी एवढं पाठ कर. पेटीवाले काका जी, सी म्हणत नाहीत, पट्टी सांगतात. काळी एक म्हणाले तर कॅपो पहिल्या फ्रेटवर आणि सी कॉर्डच्या घरातून वाजव. काळी दोन म्हणजे कॅपो पहिल्यावरच, डी चं घर. काळी तीनला कॅपो दुसऱ्यावर, ई चं घर. काळी चार तुझ्या सोयीची : कॅपो पहिल्यावर, जी चं घर. काळी पाचला पहिल्यावर, ए चं घर. पांढरी चार म्हणजे तीच कुख्यात एफ, पण कॅपो पहिल्यावर लावून ई चं घर धरलं की बोट आडवं टाकायची गरज नाही. भैरवीतलं भजन निघालं तर मेजर कॉर्ड घुसवू नको, नुसते सा आणि प छेडत राहा. आणि तिथे ट्यूनर ॲप खिशातच ठेव. पेटी जुनी असेल तर ती ४४० च्या हिशोबात असेलच असं नाही. काकांना सा धरायला सांग आणि त्यालाच तारा जुळव.