खेळ रचणाराचा व्यवसाय

पुढें कोण होणार, असा प्रश्न वर्गांत केला असतां अलीकडे कांहीं विद्यार्थी 'व्हिडिओ गेमचा रचनाकार' असें उत्तर देतात. तें ऐकून सोबती हंसतात आणि पालक चिंतेंत पडतात. खेळणें व खेळ रचणें हीं दोन्ही एकच होत, अशी समजूत याच्या मुळाशीं आहे. ती कितपत खरी आहे, हें एका थोर रचनाकाराच्या चरित्रावरून पाहूं.

शिगेरू मियामोतो यांचा जन्म १९५२ सालीं जपानांतील क्योतोनजीक सोनोबे या गांवीं झाला. बाळपणीं रानांत हिंडतांना त्यांना एक गुहा आढळली व कंदील घेऊन ते तींत शिरले. कानाझावा येथील कलाविद्यालयांत औद्योगिक रचनेचें शिक्षण घेऊन १९७७ सालीं ते निन्तेंदो कंपनींत कलाकार म्हणून लागले. ही कंपनी १८८९ सालीं पत्ते बनविण्यासाठीं निघालेली. पुढें तिचीं 'रडार स्कोप' नामक खेळाचीं यंत्रें अमेरिकेंत खपेनात, तेव्हां त्या पडून राहिलेल्या यंत्रांसाठीं नवा खेळ रचण्याचें काम या तरुणावर सोंपविण्यांत आलें. १९८१ सालचा 'डाँकी काँग' तो हाच.

त्यांतील नायकाचें चित्र अगदीं थोड्या ठिपक्यांत बसवावयाचें होतें. तोंड रेखाटण्यास जागा नाहीं म्हणून मिशा दिल्या. केस काढणें अवघड म्हणून टोपी घातली. हात हलतांना दिसावेत म्हणून कामकऱ्याचा दुरंगी पोशाख चढविला. हाच पुढें मारिओ म्हणून जगप्रसिद्ध झाला. अडचणींतून मार्ग काढणें हें या विद्येचें पहिलें अंग होय.

दुसरें अंग याहून महत्त्वाचें आहे. १९८५ सालीं 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ निघाला. त्याच्या प्रारंभीं नायक डावीकडे उभा असतो व उजवीकडे मोकळी जागा असते. म्हणून खेळणारा आपोआप उजवीकडे जातो. समोरून एक शत्रु येतो. त्यास धडकल्यास डाव जातो, पण आरंभच असल्यामुळें नुकसान थोडें. दुसऱ्या वेळीं मूल उडी मारावयास शिकतें. नंतर एका पेटींतून अळंबी निघते, ती नळावर आपटून नायकाकडेच परत येते आणि तिचा स्पर्श होतांच तो मोठा होतो. एक शब्दही न सांगतां नियम कळतात. आम्हां शिक्षकांस यांत उत्तम अध्यापनाचाच नमुना दिसतो. खेळणारा स्वतःच्या आनंदाचा विचार करतो. रचणारास मात्र परक्याच्या मनांत शिरावें लागतें.

हें काम एकट्याचें नव्हे. या खेळाच्या रचनेंत ताकाशी तेझुका यांचा वाटा होता व संगीत कोजी कोंदो यांनीं दिलें. रचनाकारानें नियम ठरवावे, कागदावर आराखडा काढावा, कच्चा खेळ दुसऱ्यांस खेळावयास देऊन आपण गप्प बसून पाहावें आणि जेथें ते अडतील तेथें स्वतःचें आवडतें काम पुसून टाकावें.

या धंद्यांत स्थैर्य थोडें, हेंही सांगितलें पाहिजे. २०२३ व २०२४ या वर्षीं जगभर हजारों लोकांच्या नोकऱ्या गेल्या. खेळ प्रसिद्ध होण्याच्या सुमारास रात्रींचीं जागरणें नित्याचींच. म्हणून गणित, चित्रकला, भाषा व संगणकाची आज्ञावली यांचा पाया पक्का असावा. म्हणजे एक दार बंद झाल्यास दुसरें उघडतें. रचनाशास्त्राच्या पदवीसाठीं मुंबईची आयआयटी 'यूसीड' नामक परीक्षा घेते व बारावीच्या कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास तीस बसतां येतें.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, मुलगा असें कांहीं बोलला तर त्यास एकदम झिडकारूं नये. कागद, सोंगट्या व फांसे देऊन धाकट्या भावंडांसाठीं एक नवा खेळ रचावयास सांगावें. तो कंटाळून उठला, तर त्याला खेळण्याचीच हौस होती असें समजावें. तो खोडून पुन्हां मांडूं लागला, तर ती देणगी होय. दृष्टांतांतील चाकराप्रमाणें ती जमिनींत पुरून ठेवूं नये. सोनोबेच्या त्या मुलाची गुहा १९८६ सालीं 'झेल्डा' या खेळांत उतरली, आणि २०१९ सालीं जपान सरकारनें त्यास सांस्कृतिक सेवेबद्दल गौरविलें.