कोठी रिकामी ठेवण्याचें शास्त्र

उन्हाळा आला कीं वर्षाच्या बेगमीची धांदल उडावी, तिखट-हळद, पापड-लोणचीं यांनीं कोठी भरावी आणि मग गृहिणीनें निश्चिंत व्हावें, हा आपल्या घरांतला जुना परिपाठ. भरली कोठी हें सुबत्तेचें लक्षण, अशी आपली समजूत. परंतु रिकामी कोठी हेंच शहाणपणाचें लक्षण मानणारा एक कारखाना जपानांत निघाला आणि पुढें साऱ्या जगानें त्याचा कित्ता गिरविला. तो कारखाना टोयोटा मोटारींचा.

हवा तो भाग, हवा तेव्हां आणि हवा तेवढाच यावा, ही कल्पना कीइचिरो तोयोदा यांची. १९३८ सालीं कोरोमो येथें कारखाना उघडला तेव्हांपासूनची. पण ती अंगीं बाणली विपत्तीनें. महायुद्धानंतर भांडवलाची ओढाताण होऊन १९५० सालीं कारखाना बुडण्याच्या बेतास आला आणि कीइचिरोंस अध्यक्षपद सोडावें लागलें. गोदामांत पडलेला माल म्हणजे अडकलेला पैसा, हा धडा तेव्हां पुरता पटला.

तो अंमलांत आणला ताइइची ओनो यांनीं. अमेरिकेंतील मोठ्या दुकानांत गिऱ्हाइकानें जेवढ्या जिनसा उचलाव्या तेवढ्याच फळीवर पुन्हां मांडतात. ही रीत त्यांनीं कारखान्यांत आणली. भागांच्या पेटीबरोबर एक पत्रक असतें. त्यास ‘कानबान’ म्हणतात. पेटी वापरावयास घेतली कीं पत्रक मागल्या कामगाराकडे परत जातें आणि त्यानें तेवढेच भाग तयार करावयाचे. पत्रक आलें नाहीं, तर हात आवरावयाचा! यांत पैसा वांचतो हें खरेंच. पण मोठा लाभ निराळाच आहे. साठा मुबलक असला म्हणजे नादुरुस्त यंत्र, सदोष भाग, कामांतली ढिलाई हें सारें त्याखालीं झांकून जातें. नदीचें पाणी ओसरलें म्हणजे खडक दिसूं लागतात, तसे साठा घटतांच हे दोष उघडे पडतात.

मग एखादे दिवशीं माल आलाच नाहीं तर? १ फेब्रुवारी १९९७ रोजीं ही शंका खरी ठरली. कारिया येथील आइसिन सेइकी कंपनीचा कारखाना आगींत सांपडला. टोयोटाच्या बहुतेक गाड्यांच्या ब्रेकमधील एक लहानशी झडप तेथेंच तयार होई, आणि साठा होता अवघ्या कांहीं तासांचा! बघतां बघतां टोयोटाचे बहुतेक कारखाने थांबले. परंतु साठांहून अधिक कंपन्या, त्यांत शिवणयंत्रें करणारी ब्रदर कंपनीसुद्धां, मोबदल्याची बोलणी मागें ठेवून झडपा करूं लागल्या, आणि सुमारें आठवड्याभरांत काम पुन्हां सुरू झालें. कोठी रिकामी होती. पण शेजारधर्म भरलेला होता.

तरी प्रत्येक वस्तु शेजाऱ्याकडून मिळत नाहीं. ११ मार्च २०११ च्या भूकंपानें हें शिकविलें. सेमिकंडक्टरच्या चकत्या घाईनें होत नाहींत. म्हणून त्यांचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवण्यास टोयोटानें पुरवठादारांस सांगितलें. २०२१ सालीं जगभर त्यांचा तुटवडा पडला, तेव्हां इतर कारखाने अडले असतां टोयोटानें कांहीं महिने निभावून नेले. सप्टेंबरांत मात्र त्यासही उत्पादन घटवावें लागलें.

म्हणजे अखेर गृहिणीचीच रीत खरी ठरली! कोथिंबीर रोजची रोज आणावी. लोणचें मात्र वर्षाचें घालावें, कारण कैरी वर्षांतून एकदांच येते. किती सांठवावें, हें कोठीच्या आकारावरून ठरवावयाचें नसतें. संपलेली वस्तु पुन्हां मिळण्यास किती दिवस लागतील, यावरून ठरवावयाचें असतें.