चिठ्ठीवर चिठ्ठी

टपालाच्या थैलीत शेकडो पत्रे असतात आणि प्रत्येकावर निरनिराळा पत्ता असतो. परंतु वाटेवरचा कर्मचारी थैलीच्या तोंडाशी बांधलेली चिठ्ठी तेवढी वाचतो. आतील पत्ते वाचण्याचे काम मुक्कामाच्या कचेरीचे. संगणकांच्या जाळ्यांतही हीच युक्ती योजिली आहे. विद्यार्थिमित्रांना तिचा परिचय करून द्यावा, असा आमचा हेतू आहे.

आमच्या खडोलीच्या परिसरात कारखाने आहेत. समजा, त्यांपैकी एकाचे मुख्य कार्यालय मुंबईस आहे. कारखान्यातील संगणक ज्या पेटीला तारांनी जोडलेले असतात, तिला 'स्विच' म्हणतात. हिशेबखाते आणि भांडार यांचे संदेश एकाच तारेतून वाहिले, तरी एकमेकांत मिसळता कामा नयेत. म्हणून संदेशाच्या प्रत्येक खंडाला, म्हणजे 'फ्रेम'ला, ४ बाइटांची एक चिठ्ठी जोडतात. हीच 'टॅग' होय. तिच्यातील क्रमांकाने वेगळ्या पडलेल्या विभागास 'व्हीलॅन', अर्थात आभासी स्थानिक जाळे, म्हणतात. या पद्धतीचे प्रमाण १९९८ साली ठरले.

या क्रमांकासाठी चिठ्ठीत १२ बिटांची जागा असते. तीत ४,०९६ क्रमांक मावतात. पहिला व शेवटचा राखीव असल्याने ४,०९४ वापरता येतात. एका कारखान्यास ते पुष्कळ झाले. परंतु अनेक कारखान्यांचे संदेश मुंबईस नेणाऱ्या दूरसंचार कंपनीपुढे दोन अडचणी उभ्या राहतात. एक, हे क्रमांक सर्वांना पुरत नाहीत. दुसरी, एका कारखान्याचे हिशेबखाते १० क्रमांकाचे असेल आणि शेजारच्याचे भांडारही १० क्रमांकाचेच असेल. मग एकाचे हिशेब दुसऱ्याच्या घरी जावयाचे! प्रत्येकाने आपले क्रमांक बदलावेत, असे सांगणेही व्यवहार्य नाही.

यावरील उपाय सोपा आहे. कंपनीचा स्विच आतील चिठ्ठीस हात न लावता तिच्यावर आपली दुसरी चिठ्ठी चढवितो. पहिल्या कारखान्यास १०१, दुसऱ्यास १०२. वाटेतील स्विच बाहेरचीच चिठ्ठी वाचतात. मुंबईस ती उतरविली जाते आणि आतला १० जसाच्या तसा मालकाच्या हाती पडतो. या पद्धतीस २००५ साली प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. ४,०९४ ला ४,०९४ ने गुणून पाहावे. १,६७,६०,८३६ जोड्या होतात!

मात्र दोन गोष्टी विसरू नयेत. चिठ्ठ्यांनाही वजन असते. १,५१८ बाइटांची मोठ्यात मोठी साधी फ्रेम दोन चिठ्ठ्यांनी १,५२६ बाइटांची होते. वाटेतील एखाद्या स्विचला तेवढी मोठी फ्रेम घेण्याची सूचना दिलेली नसेल, तर लहान संदेश पोहोचतात आणि मोठे वाटेतच गळतात. दोष कोठे आहे, हे मग लवकर उमगत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चिठ्ठी म्हणजे कुलूप नव्हे. स्विचची मांडणी सदोष असेल, तर एखादा लबाड स्वतःच दोन चिठ्ठ्या लावून फ्रेम पाठवितो. पहिला स्विच वरची काढतो, दुसरा आतली वाचतो आणि परक्या खात्यात तिला प्रवेश देतो. म्हणून गुप्त मजकूर सांकेतिक लिपीत बांधूनच पाठवावा आणि स्विचची मांडणी वेळोवेळी तपासावी.

दुसऱ्याच्या चिठ्ठीत ढवळाढवळ न करता आपले काम चोख करणे, हे या युक्तीचे मर्म होय. ते संगणकांपुरतेच खरे आहे, असे आम्हांस वाटत नाही.