आधी वाळवण, मग रंधा



आमच्या शाळेच्या छोट्या रंगमंचावर वर्गणीतून लाकडी फळ्यांची जमीन बसवली, ती ऐन पावसाळ्यात. फळ्या अगदी चिकटून बसल्या होत्या. मार्चमध्ये पाहतो तर उभं नाणं आत जाईल एवढ्या फटी! चौथीतल्या मुलीने विचारलं, "सर, फळ्या लहान कशा झाल्या?" सुतारकाका म्हणाले, "गुरुजी, लाकूड ओलं होतं. आपण घाई केली."

कारण समजून घेऊ. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतलं पाणी आधी जातं. तेव्हा लाकूड हलकं होतं, पण फारसं आकसत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला, की भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि लाकूड आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत मात्र दिसण्याइतकं. १०० मिलिमीटर रुंद फळी ३ टक्के आकसली, तर ३ मिलिमीटरची फट पडणारच.

म्हणून ओंडका चिरताना फळ्या थोड्या जाड-रुंद ठेवतात. सावलीत, जमिनीपासून उंच थप्पी लावतात. प्रत्येक थरात सारख्या जाडीच्या पट्ट्या घालतात, म्हणजे हवा खेळते. टोकांतून पाणी लवकर उडतं आणि चिरा पडतात, म्हणून टोकांना मेण किंवा रंग लावतात. कडक उन्हात ठेवलं तर बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि फळी तडकते. हवेवर वाळायला कित्येक महिने लागतात. भट्टीत काम लवकर होतं. त्यानंतरच रंधा मारायचा आणि खाचा पाडायच्या. आधी केलं तर सरळ फळी पुढे वाकते, खाचा जुळत नाहीत.

वर्गात हे करून पाहा. ओल्या लाकडाचा तुकडा दर आठवड्याला तोला, वजन स्थिर होईपर्यंत. १२० ग्रॅमचे १०० झाले, तर गेलेलं पाणी २० ग्रॅम, म्हणजे २० टक्के. मुलं हमखास १२० ने भागतात. इथे भागायचं ते कोरड्या वजनाने. हा अंदाज झाला, कारण हवेतला थोडा ओलावा लाकडात राहतोच. प्रयोगशाळेत तुकडा सुमारे १०३ अंश सेल्सिअसला पूर्ण वाळवतात.

आम्ही उन्हाळ्यात फळ्या काढून पुन्हा जवळ बसवल्या. एक फळी जास्तीची लागली. भिंतीकडे मात्र मुद्दाम थोडी जागा सोडली, कारण पावसाळ्यात लाकूड पुन्हा फुगतं. त्या मुलीला तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं आणि आम्हालाही धडा मिळाला.