गुपित न सांगता ओळख कशी पटवावी?



जुन्या काळी किल्ल्याचे दरवाजे सूर्यास्ताबरोबर बंद होत. रात्री कोणी आला, तर पहारेकरी त्याला परवलीचा शब्द विचारी. शब्द बरोबर निघाला की दिंडी उघडे. युक्ती चांगली, पण तिच्यात एक मोठी खोट होती. जवळच्या झुडपात कोणी दडून बसला असेल, तर तोही तो शब्द ऐके. आणि मग पहारेकऱ्याच्या दृष्टीने तो आणि किल्ल्यातील खरा माणूस यांत काहीच फरक उरत नसे. शब्द उच्चारला, की तो गुपित राहत नाही!

आज आपण संगणकाला जो पासवर्ड सांगतो, तो म्हणजे हा परवलीचा शब्दच. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची पद्धत करून दाखवली. प्रत्येकाचे काम वेगळे राहावे म्हणून प्रत्येकाला एक पासवर्ड दिला गेला. गंमत अशी, की १९६२ मध्येच ॲलन शेर या तेथील विद्यार्थ्याने सर्वांच्या पासवर्डांची यादीच त्या संगणकाकडून छापून घेतली! त्याला आपल्या वाट्यापेक्षा जास्त वेळ संगणक हवा होता, इतकेच.

आता आपल्या विषयाकडे येऊ. समजा, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काही शक्तिमान संगणक आहेत. त्यांना वर्कस्टेशन म्हणतात. उष्णता एखाद्या धातूच्या पत्र्यातून कशी पसरते याची आकडेमोड करायची, तर घरच्या साध्या लॅपटॉपला जे काम रात्रभर पुरेल ते ही यंत्रे थोड्या वेळात उरकतात. विद्यार्थी घरी बसूनच अशा यंत्रावर काम करू शकतो. त्याने दाबलेल्या कळा आणि माऊसच्या हालचाली तिकडे जातात, आणि तिकडच्या पडद्याचे चित्र इकडे येते. यालाच रिमोट डेस्कटॉप म्हणतात. प्रश्न एकच: दूर बसलेला हा विद्यार्थी खरोखर तोच आहे, हे त्या यंत्राला कसे कळावे?

एक अनुभव

आमच्या प्रयोगशाळेत अशी चार वर्कस्टेशने होती. चार यंत्रांचे चार पासवर्ड मुलांच्या लक्षात राहत नसत. रोज कोणीतरी 'सर, लॉगिन होत नाही' म्हणून येई. मी कंटाळून एक सोपा मार्ग काढला. सर्वांसाठी एकच नाव आणि एकच पासवर्ड ठेवला आणि तो लिहिलेली चिठ्ठी कपाटावर चिकटवून दिली. सगळे खूश झाले.

काही महिन्यांनी एका विद्यार्थिनीची तीन आठवड्यांची आकडेमोड पुसली गेलेली आढळली. कोणी पुसली? यंत्रातील नोंदवहीत तर सगळीकडे तेच एक नाव! आदल्या संध्याकाळी प्रयोगशाळेत शेवटपर्यंत थांबलेल्या एका मुलावर सर्वांचा संशय गेला. त्याच्याजवळ आपला निर्दोषपणा दाखवायला काही नव्हते, आणि आमच्याजवळ त्याला दोषी म्हणायला काही नव्हते. त्याची चूक होती की नाही हे शेवटपर्यंत कळले नाही. माझी मात्र नक्की होती. मी लॉगिन सोपे केले खरे, पण ते करताना 'कोण' हा प्रश्नच पुसून टाकला होता.

मग लॉगिन सोपेही असावे आणि पक्केही असावे, हे शक्य आहे का? आहे. त्यासाठी आधी पासवर्ड वाटेत कसा फुटतो ते पाहू.

तारेवर ऐकू जाणारा शब्द

जुन्या पद्धतीच्या इथरनेट जाळ्यात सगळे संगणक एकाच तारेला जोडलेले असत. एकाने पाठवलेला विद्युत संकेत सर्वांपर्यंत पोहोचे. वर्गात हजेरी घेताना जसे प्रत्येक नाव सर्वांना ऐकू येते, पण ज्याचे त्यानेच 'हजर' म्हणायचे, तसाच हा प्रकार. प्रत्येक संगणक आपल्या नावाचे संकेत घेई आणि बाकीचे सोडून देई. पण एखाद्याने आपल्या संगणकाला 'काहीच सोडू नकोस' असे सांगितले तर? त्या काळी दूरच्या यंत्रावर काम करण्यासाठी टेलनेट नावाची पद्धत वापरत. तिच्यात पासवर्ड उघड्या अक्षरांत तारेवरून जाई. झुडपात दडलेल्याला आयताच मिळे.

१९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात नेमके असेच पासवर्ड चोरले गेले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्याच वर्षी त्यावर उपाय म्हणून एसएसएच, म्हणजे 'सुरक्षित कवच', ही पद्धत लिहिली. प्रत्येक संगणक-सेवेला दाराच्या क्रमांकासारखा एक क्रमांक असतो. फाइली पाठवण्याच्या सेवेचा २१ आणि टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता, तो एसएसएचला मिळाला. आजही तोच आहे.

या पद्धतीत दोन्ही संगणकांमध्ये जणू एक बोगदा तयार होतो. बोगद्यातून जाणारी प्रत्येक गोष्ट सांकेतिक रूपात असते. बाहेरून ऐकणाऱ्याला अर्थ लागत नाही. पण त्याहून सुंदर गोष्ट पुढेच आहे. या पद्धतीत पासवर्ड पाठवावाच लागत नाही!

मुद्रा आणि ठसा

जुन्या पत्रांवर मुद्रेचा ठसा असे. ठसा पाहून पत्र कोणाचे ते कोणीही ओळखू शके. पण ठसा उमटवू शके तो फक्त मुद्रा बाळगणारा. ओळखणे सर्वांना शक्य, उमटवणे एकालाच शक्य. हा भेद नीट ध्यानात ठेवा.

संख्यांच्या जगात अशी मुद्रा करता येईल का? १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी दोन किल्ल्यांची कल्पना प्रसिद्ध केली. एक जाहीर किल्ली, जी सूचनाफलकावरही लावावी. आणि एक खासगी किल्ली, जी आपल्याजवळून कधी हलू नये. पुढच्या वर्षी, १९७७ मध्ये, एमआयटीतील रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ती कल्पना गणिताने साकार केली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए म्हणतात.

वही-पेन्सिल घ्या. हे गणित तुम्हाला करता येण्याजोगे आहे.

वहीत करून पाहा

दोन मूळ संख्या घेऊ: ३ आणि ११. त्यांचा गुणाकार ३३. आपली जाहीर किल्ली अशी: संख्या ३३ आणि घात ३. आपली खासगी किल्ली: घात ७. हा ७ कोठून आला? मूळ संख्यांमधून प्रत्येकी १ वजा करून गुणाकार करा: २ × १० = २०. आता ३ ला अशा संख्येने गुणायचे, की गुणाकाराला २० ने भागल्यावर बाकी १ उरावी. ३ × ७ = २१. म्हणून ७.

तुम्ही लॉगिन करायला जाता, तेव्हा दोन्ही संगणक मिळून त्या भेटीपुरती एक नवी संख्या ठरवतात. समजा ती ४ आहे. तुमचा संगणक ४ चा सातवा घात काढतो: १६३८४. त्याला ३३ ने भागून बाकी घेतो: १६. ही १६ म्हणजे तुमची सही. ती दूरच्या यंत्राकडे जाते.

त्या यंत्राजवळ तुमची जाहीर किल्ली आहे. ते १६ चा तिसरा घात काढते: ४०९६. त्याला ३३ ने भागले, की बाकी उरते ४. हीच तर आजची संख्या! म्हणजे सही करणाऱ्याजवळ खासगी किल्ली आहे. दार उघडते. पाहा, ७ ही संख्या तारेवरून गेलीच नाही.

झुडपातल्या माणसाने ती १६ ऐकली असेल तर? ऐकू द्या. उद्याची संख्या वेगळी असेल, समजा ५. त्याने कालची १६ पुढे केली, तर तिचा तिसरा घात काढून बाकी ४ येते, ५ नव्हे. चोर पकडला गेला. ५ साठी खरी सही कोणती ते तुम्हीच काढा. (उत्तर १४ आले पाहिजे. ताळा करून पाहा.) कागदावरचा ठसा कोणी दुसऱ्या पत्रावर डकवू शकेल, ही सही मात्र त्या-त्या भेटीपुरतीच असते.

तुम्ही म्हणाल, '३३ चे अवयव ३ आणि ११ हे तर कोणीही ओळखील, आणि मग ७ काढणे काय कठीण?' अगदी बरोबर! म्हणूनच प्रत्यक्षात संख्या फार मोठ्या घेतात. आज वापरात असलेली ३०७२ बिटांची आरएसए संख्या सुमारे ९२५ अंकी असते. गुणाकार करणे सोपे, पण गुणाकारावरून अवयव शोधणे महाकठीण. २०२० साली संशोधकांनी एका २५० अंकी आरएसए संख्येचे अवयव शोधले. त्यासाठी पुष्कळ संगणक एकदम कामाला लावले होते. तेच काम एका प्रक्रियकाच्या एकाच गाभ्यावर केले असते, तर सुमारे २७०० वर्षे लागली असती!

प्रत्यक्ष मांडणी

आता आमच्या प्रयोगशाळेत काय केले ते सांगतो. प्रथम प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्येक यंत्रावर स्वतःच्या नावाचे वेगळे खाते दिले. मग प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवर एसएसएच-कीजेन हा कार्यक्रम चालवून किल्ल्यांची जोडी तयार केली. जाहीर किल्ली मला आणून दिली. ती मी चारही यंत्रांवर त्याच्या खात्यात नोंदवली. खासगी किल्ली कोणी मलाही दिली नाही. देऊच नये!

पण लॅपटॉपच चोरीला गेला तर? यासाठी खासगी किल्ली चार-पाच शब्दांच्या एखाद्या वाक्याने कुलूपबंद ठेवतात. ते वाक्य तुमच्याच यंत्रात टाइप होते, बाहेर जात नाही. मग रोज चार वेळा ते टाइप करायचे का? नाही. एजंट नावाचा एक छोटा कार्यक्रम काम सुरू करताना एकदाच वाक्य विचारतो आणि तुम्ही बाहेर पडेपर्यंत चारही यंत्रांपुढे तुमच्या वतीने सही करतो. एक्सटूगोसारखे रिमोट डेस्कटॉपचे कार्यक्रम याच बोगद्यातून पडद्याचे चित्र आणतात. चार पासवर्डांच्या जागी आता एकच वाक्य, तेही एकदाच.

दोन खबरदाऱ्या मात्र घ्याव्या लागतात. एक, एजंट चालू असताना जागेवरून उठलात, तर पडदा कुलूपबंद करा. नाहीतर तुमच्या जागी बसणारा 'तुम्ही' होतो. दुसरी, पहिल्यांदा जोडणी करताना दूरचे यंत्र आपली ओळख म्हणून अक्षरांची एक ओळ दाखवते. ती त्या यंत्राच्या बोटांच्या ठशासारखी असते. पुष्कळ जण न वाचताच 'होय' म्हणतात. आम्ही ती ओळ सूचनाफलकावर लावली आहे, आणि ताडून पाहिल्याशिवाय 'होय' म्हणायचे नाही असा नियम आहे. पहारेकऱ्याने आपली परीक्षा घ्यावी, तशी आपणही किल्ला आपलाच आहे ना याची खात्री करावी.

आता यंत्राच्या नोंदवहीत प्रत्येक कामापुढे ज्याचे त्याचे नाव असते. काही बिघडले, तर कोणावर उगाच संशय घ्यावा लागत नाही. कपाटावरची ती चिठ्ठी मी काढली, पण तिच्या डिंकाचा डाग तेथे अजून आहे. तो मी मुद्दामच पुसलेला नाही.