तळ्यांतील माशांचे व्रण व पाण्याचें माप

भातकापणी उरकून झोडणीची घाई चालू असते, नेमके त्याच सुमारास तळ्यांतील मासे दुखणाइत होतात. गेल्या मार्गशीर्षांत अंबाडी येथील आमच्या तळ्यांत असेंच झालें. प्रथम मरळीच्या अंगावर तांबडे ठिपके दिसले. आठ दिवसांत खवले गळून मांस उघडें पडलें, व मासे सुस्त होऊन पृष्ठभागाशीं तरंगूं लागले. मागाहून रोहू व मृगळ यांसही तीच बाधा झाली.

हा रोग १९८८ सालीं ईशान्येकडून भारतांत शिरला. त्याचें मूळ अफॅनोमायसिस नांवाच्या पाण्यांतील बुरशींत आहे. जाळ्याचा ओरखडा किंवा उवांचा चावा, एवढी वाट तिला पुरते. मागून इतर जंतु येऊन जखम चिघळवितात. पावसानें पाण्यांतील चुन्याचा अंश घटलेला असतो, आणि पाणी १८ ते २२ अंशांपर्यंत निवालें कीं माशांची प्रतिकारशक्ति मंदावते. तिलापियास हा रोग सहसा होत नाहीं. मरळ मात्र पहिला बळी.

आम्हीं काय केलें तें सांगण्यास संकोच वाटतो. उपाय चुन्याचा, एवढें ऐकून ठाऊक होतें. ५० किलोची गोणी आणली व भर दुपारीं सगळीच तळ्यांत रिती केली. दुसरे दिवशीं पहांटे, ज्यांस एकही व्रण नव्हता असे मासेसुद्धां पोटें वर करून तरंगत होते. घरांतून जें ऐकावें लागलें तें येथें लिहीत नाहीं. सारी नोकरी आम्हीं महसुली दप्तरांत लोकांचे गुंठे लिहिण्यांत घालविली, पण स्वतःच्या तळ्यास कधीं फीत लावली नव्हती!

मग लावली. लांबी ३० मीटर, रुंदी २० मीटर, म्हणजे जेमतेम ६ गुंठे. पांच ठिकाणीं काठी बुडवून खोली पाहिली, ती सरासरी ८० सेंटिमीटर भरली. हेक्टरीं २०० किलो या मानानें आमच्या तळ्यास चुना हवा होता १२ किलो. तोही भिजवून, निववून, सकाळीं व दोन-तीन हप्त्यांनीं.

भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यांतील मत्स्यसंवर्धन संस्थेनें या रोगावर सीफॅक्स नांवाचें औषध काढिलें आहे. एक हेक्टर तळ्यांत एक मीटर पाणी असतां तें एक लिटर लागतें. आमच्या ४८० घनमीटर पाण्यास अवघे ४८ मिलिलिटर! तें बादलीभर पाण्यांत मिसळून सर्वत्र शिंपडावें. वांचलेल्या माशांचे व्रण त्यानें भरून आले.

मुलांच्या कांचपेटींतील एखादा मासा दुखावला तर काम सोपें. दहा लिटर पाण्यांत २०० ग्रॅम साधें मीठ विरघळवून त्यांत मासा दोन-तीन मिनिटें ठेवावा. तडफडूं लागतांच काढावा. तळ्यांतल्या हजार माशांस असें बादलींत कोण घेणार?

मेलेले मासे तानसेंत फेंकूं नयेत, चुना घालून पुरावे. शेजाऱ्याचें जाळें वाळविल्यावांचून आपल्या तळ्यांत उतरवूं नये. आमच्याकडे रोग बहुधा असाच आला. तो माणसास लागत नाहीं, तरी व्रणाचा मासा नाक्यावर कोणी हातांत धरीत नाहीं.

यंदा कार्तिकांतच तळें मोजलें. पाणी ७ गुंठे भरलें, व १४ किलो चुना तीन हप्त्यांत घातला.