गुहाशोधन मोहिमेच्या तळाभोवतालच्या भूदृश्याची नोंद : पिएर सँ-मार्तँचे उदाहरण

भूमिगत गुहांच्या शोधार्थ निघालेल्या मोहिमांचे वृत्तांत वाचताना दोर, दिवे, खोली आणि धोके यांची वर्णने विपुल आढळतात; परंतु ज्या डोंगरावर मोहिमेचा तळ पडला, त्या डोंगराविषयी चार ओळींहून अधिक मजकूर क्वचितच मिळतो. वस्तुतः गुहेच्या नकाशास भूगोलदृष्ट्या काही अर्थ प्राप्त व्हावयाचा असेल, तर त्या गुहेवरील भूपृष्ठाची नोंदही तितक्याच काळजीने झालेली असली पाहिजे. ही नोंद कशाची व कशी करावी आणि ती सदोष राहिल्यास कोणत्या अडचणी उद्भवतात, याचे विवेचन पिरेनीज पर्वतातील पिएर सँ-मार्तँ या विख्यात विवराच्या आधारे येथे करावयाचे आहे.

फ्रान्स व स्पेन यांच्या सीमेवर, आनी शिखराच्या (२,५०४ मीटर) पश्चिमेस चुनखडकाचे एक विस्तीर्ण उघडे पठार आहे. १९५० साली झॉर्झ लेपिन्यू यांना तेथील एका लहानशा भोकातून कावळ्याच्या कुळातील एक पक्षी बाहेर पडताना दिसला. त्या भोकाखाली तीनशे मीटरांहून अधिक खोलीची उभी विहीर निघाली. १९५१ साली यंत्राच्या साहाय्याने पोलादी तारेवरून तीत प्रथम उतरण्यात आले. १९५२ च्या ऑगस्टमध्ये मार्सेल लूबेन्स हे वर ओढले जात असता तारेची जोडणी सुटून खाली कोसळले व सुमारे दीड दिवसाने मरण पावले. त्यांचा देह १९५४ मध्ये वर आणता आला. मध्यंतरी १९५३ साली ला व्हेर्ना हे प्रचंड दालन सापडले. त्याचा व्यास सुमारे २५० मीटर व उंची १९० मीटरांच्या वर आहे.

या पठारावर येणाऱ्या अभ्यासकास प्रथम जाणवते ती पाण्याची अनुपस्थिती. पाऊस व हिम यांची येथे वाण नाही. तरीही पृष्ठभागावर एकही ओढा वाहत नाही. पाण्यात विरघळून चुनखडकास खोल चिरा व धारदार कंगोरे पडले आहेत आणि पडलेले पाणी त्या चिरांतून तत्काळ खाली जाते. हा चुनखडक क्रिटेशस कालखंडातील असून तो पुराजीव महाकल्पातील सुभाजादी अपार्य खडकांवर विसावला आहे. खाली उतरलेले पाणी या जुन्या खडकापाशी अडते व दोहोंच्या संपर्करेषेवरून नदीच्या रूपाने वाहू लागते. पुढे उत्तरेस, सँत-आंग्रास गावाच्या परिसरातील दऱ्यांत, ते झऱ्यांच्या रूपाने पुन्हा प्रकट होते. यावरून तळाभोवतालच्या नोंदीतील पहिले प्रकरण स्पष्ट होते. चुनखडक कोठे उघडा आहे, त्यावर दुसऱ्या खडकाचे आच्छादन कोठे शिल्लक आहे, दरीत जुना खडक कोठे डोके वर काढतो, तसेच थरांची नति व चिरांची दिशा काय आहे, हे नकाशावर दाखविले पाहिजे. भूमिगत नदीची दिशा पुष्कळदा या माहितीवरूनच आधी सूचित होते.

दुसरे प्रकरण तळाच्या स्वतःच्या पाण्याचे. अशा पठारावर पाणी मिळते ते बहुधा विवरांत साठून राहिलेल्या हिमापासून. म्हणून कोणत्या विवरात, कोणत्या तारखेस, किती खोलीवर हिम होते, हे लिहून ठेवावे. आज हिमाने बुजलेले विवर पुढील एखाद्या उन्हाळ्यात मोकळे होऊ शकते. मोहिमेस निरुपयोगी ठरलेल्या विवरांची नोंदही त्यामुळे टाकाऊ समजू नये. चुनखडकाच्या रुंद चिरांतून पाणी गाळले जात नाही, हेही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. तळावरील शौचकूप व सांडपाणी यांची जागा चुकल्यास त्याचा उपद्रव खालच्या खोऱ्यातील झऱ्यांवर अवलंबून असणाऱ्या वस्तीस पोहोचतो. फ्लुओरेसीनसारखे रंजकद्रव्य विवरात सोडून ते कोणत्या झऱ्यात उतरते हे पाहणे, हा संबंध सिद्ध करण्याचा रूढ मार्ग होय.

तिसरे प्रकरण मानवी खुणांचे. पिएर सँ-मार्तँ हे नाव मुळात एका सीमाशिलेचे आहे. १८५६ च्या बायोन तहानंतर या सीमेवर क्रमांकित शिला बसविण्यात आल्या. येथील शिलेचा क्रमांक २६२ आहे. १३७५ च्या लवादानुसार फ्रान्सकडील बारेतू खोऱ्याने स्पेनकडील रोंकाल खोऱ्यास दरवर्षी तीन गाई द्यावयाच्या, हा विधी आजही १३ जुलै रोजी या शिलेपाशी पार पडतो. पठारावरील चराई व पाणी यांच्या हक्काचा प्रश्न किती जुना आहे, हे त्यावरून कळते. मोहिमा सुरू झाल्यावर लेपिन्यू यांचे विवर कोणत्या देशात मोडते, याविषयीही वाद उपस्थित झाला. ते स्पेनच्या नाव्हारा प्रांतात आहे. विवराच्या तोंडाचे स्थान सीमाशिलांच्या संदर्भात काही मीटरांपर्यंत अचूक नोंदणे हे केवळ शास्त्रीय कुतूहलाचे काम नव्हते, हे यावरून उघड आहे.

अचूक स्थाननिश्चितीचे महत्त्व सांगणारा आणखी एक प्रसंग येथेच घडला. भूमिगत नदीपासून वीज निर्माण करण्याच्या हेतूने १९५६ ते १९६० या काळात डोंगराच्या बाजूने सुमारे ६६० मीटर लांबीचा बोगदा ला व्हेर्ना दालनापर्यंत खोदण्यात आला. दालनाचे स्थान मात्र विवरातून उतरून, होकायंत्र व फीत यांच्या साहाय्याने अंधारात केलेल्या मापनावरून काढलेले होते. ते मापन भूपृष्ठावरील सर्वेक्षणाशी जोडल्याखेरीज बोगद्याची दिशा ठरविणे शक्य नव्हते. आरंभबिंदूतच चूक असेल, तर खालचे सर्व मापन तितकेच सरकते.

आता पद्धतीविषयी. तळाजवळ एक स्थिरबिंदू निश्चित करून तो खडकावर कायम कोरावा आणि प्रत्येक विवरमुखास स्वतंत्र क्रमांक देऊन त्याचे अंतर, दिशा व उंची या बिंदूपासून मोजावी. उंचीसाठी वायुभारमापक वापरावयाचा असल्यास एक उपकरण तळावरच ठेवून ठराविक अंतराने वाचावे. कारण या उंचीवर हवामानामुळे वायुभारात एका मिलिबारचा फरक पडला, तरी उंचीत सुमारे दहा मीटरांची चूक येते. आज उपग्रहांच्या साहाय्याने स्थान चटकन मिळते; मात्र ते कोणत्या संदर्भप्रणालीत आहे हे लिहावयास विसरू नये. स्पेनच्या जुन्या नकाशांवरील युरोपीय प्रणाली व आजची जागतिक प्रणाली यांची सरमिसळ झाल्यास दोनशे मीटरांहून अधिक अंतर पडते. शिवाय उपग्रहाचे संकेत जमिनीखाली पोहोचत नाहीत. तेथे आजही दिशा, अंतर व कल मोजीतच जावे लागते.

छायाचित्राबरोबर स्थान, दिशा, तारीख, वेळ व प्रमाणदर्शक वस्तू यांचा उल्लेख असावा. विवरमुखातून येणाऱ्या वाऱ्याची नोंद बाहेरील तपमानासह करावी. उन्हाळ्यात खालच्या मुखांतून थंड हवा बाहेर पडते व हिवाळ्यात वरच्या मुखांतून तुलनेने उबदार हवा वर येते. त्यामुळे एकाच मुखाचे दोन ऋतूंतील वर्तन त्याची गुहाप्रणालीतील जागा सुचविते. वनस्पती व पक्षी यांची नोंदही गौण मानू नये; प्रस्तुत विवराचा शोध एका पक्ष्यामुळेच लागला.

आपल्याकडील सह्याद्रीच्या बेसॉल्टात अशी चुनखडकी प्रणाली नाही. परंतु मेघालयातील खासी व जैंतिया टेकड्यांत ती विस्ताराने आहे. तेथे जाणाऱ्या विद्यार्थ्याने विवरात उतरण्यापूर्वी तळाभोवती दोन दिवस हिंडून टिपणवही भरावी. गुहेतून परतल्यावर त्याला जे प्रश्न पडतील, त्यांपैकी अनेकांची उत्तरे त्या वहीतच मिळतील.